‘सोडवा’ या आज्ञेविरुद्ध

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी गणिताच्या तिसऱ्या पेपरात, ज्याला सगळं पुणे ‘एम-थ्री’ म्हणून ओळखतं, मला १०० पैकी ८१ मार्क पडले होते. हे फुशारकी म्हणून सांगत नाही, पुरावा म्हणून सांगतोय. डिफरन्शियल इक्वेशन म्हणजे नक्की काय, हे न कळताही माणसाला ८१ मार्क पडू शकतात याचा मी चालताबोलता पुरावा आहे.

कसे पडले तेही सांगतो. ऑक्झिलरी इक्वेशन मांडायचं, त्याची मुळं काढायची, मुळांवरून सीएफ लिहायचा. उजव्या बाजूला काय आहे ते बघून पीआयचा ठरलेला फॉर्म्युला लावायचा. दोघांची बेरीज करायची, खाली दोन रेघा मारायच्या. गाईडमध्ये सोडवलेल्या गणितांचे सात-आठ प्रकार होते. परीक्षेत त्यातलेच आले. आदल्या रात्री पाठ केले, सकाळी ओकले.

आमच्या वर्गात माझ्या शेजारी बसणारा एक मित्र होता. (नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही.) एका तासाला त्याने हात वर केला आणि विचारलं, “सर, सुटलंच नाही तर? म्हणजे फॉर्म्युला निघालाच नाही, तर त्या गोष्टीबद्दल आपल्याला काहीच कळत नाही का?”

सर वाईट नव्हते. दमलेले होते. म्हणाले, “परीक्षेत सुटणारीच येतात.”

वर्ग हसला. मीही हसलो. मित्र दोनदा एम-थ्रीत अडकला, बाकीचे दोन विषय सोबतीला आले, वायडी लागला, आणि पुढच्या वर्षी तो कॉलेजात दिसला नाही. मी कॅम्पसमधून नोकरीला लागलो.

या लेखात मला एवढंच म्हणायचं आहे, की त्या दिवशी वर्गात गणिताचा प्रश्न फक्त त्याने विचारला होता. आम्ही बाकीचे करत होतो ती कारकुनी होती.

*

आधी सरांचं वाक्य तपासू. परीक्षेत सुटणारीच येतात, हे खरं. पण परीक्षेबाहेर? एक अगदी गरीब दिसणारं समीकरण घ्या: एखाद्या राशीच्या वाढीचा वेग म्हणजे वेळेचा वर्ग अधिक त्या राशीचा वर्ग. शाळेतल्या पोराला लिहिता येईल इतकं साधं. जोसेफ ल्यूव्हीलने १८४१ साली दाखवून दिलं, की याचं उत्तर आपल्या ओळखीची फलं आणि त्यांची समाकलनं कितीही जोडून लिहिता येत नाही. आमच्या गाईडातले सातही प्रकार इथे गारद.

मग या राशीबद्दल काहीच कळत नाही का? मित्राचा प्रश्न. बघू या. सुरुवातीला, वेळ शून्य असताना, राशी १ आहे असं धरू. वाढीचा वेग म्हणजे दोन वर्गांची बेरीज. त्यातला वेळेचा वर्ग टाकून दिला तर जे उरतं ते कमीच असेल. म्हणजे वेग निदान राशीच्या वर्गाइतका तरी आहेच. समीकरण गेलं, असमता आली. ‘बरोबर’च्या जागी ‘निदान’ आलं. आता राशीकडे थेट न बघता तिच्या व्यस्ताकडे, म्हणजे एक भागिले राशीकडे, बघायचं. वेग निदान राशीच्या वर्गाइतका असेल, तर व्यस्त दर सेकंदाला निदान १ ने घटतो. (अवकलनाचा एक साधा नियम, बारावीचा.) व्यस्त सुरू झालाय १ पासून. म्हणजे एक सेकंद उलटायच्या आत तो शून्याला टेकणार. आणि व्यस्त शून्याला टेकणं म्हणजे राशी अनंताला जाणं.

झालं. ज्या समीकरणाचं उत्तर ल्यूव्हीलच्या म्हणण्याप्रमाणे लिहिताच येत नाही, त्याच्या उत्तराबद्दलची सगळ्यात महत्त्वाची बातमी आपल्याला पाच ओळींत मिळाली: एक सेकंदाच्या आत त्याचा स्फोट होणार. फॉर्म्युला नाही, पण भवितव्य माहीत आहे.

आंरी प्वँकारेने १८८१ पासून या दिशेने लेखांची मालिकाच लिहिली. उत्तर लिहून दाखवा असं न म्हणता त्याने विचारलं, की उत्तर वागतं कसं? ते परत फिरून येतं का, कुठे स्थिरावतं का, सुटून पळतं का? याला गुणात्मक अभ्यास म्हणतात. ‘गुणात्मक’ म्हटलं की आपल्याकडे मुलाखती घेऊन लिहिलेला प्रबंध आठवतो. गणितात तो शब्द याहून कडक आहे. यात ‘साधारणपणे’ नसतं. ‘निदान’ असतं, ‘कधीच नाही’ असतं, ‘असेलच’ असतं. १८८१ ला उलटून १४० वर्षांहून जास्त झाली, आणि आमच्या वर्गात अजून ‘उत्तर काय आलं?’ चालू आहे.

*

“पण इंजिनिअरला हवा असतो आकडा,” हा नेहमीचा प्रतिवाद. ठीक. मग माझी एक रात्र ऐका. कंपनीचं नाव नको. चूक माझी होती.

आमची पैसे पाठवण्याची एक सेवा आहे. त्या रात्री ती मंदावली. विनंती वेळेत पूर्ण झाली नाही की मोबाइलमधलं ॲप ती पुन्हा पाठवतं. त्या पुन्हा आलेल्या विनंत्या आधीच्यांना अडवतात. अडलेल्या अजून उशीर करतात. मग अजून पुनर्प्रयत्न. आकडे गोल करून सांगतो. एक वाजून दहा मिनिटांनी १,००० विनंत्या तुंबलेल्या होत्या आणि तुंबारा मिनिटाला ५० ने वाढत होता. एक वीसला २,००० तुंबलेल्या होत्या आणि वाढ मिनिटाला २०० वर गेली होती. ५०,००० ला सगळंच बसणार हे माहीत होतं. कॉलवर मॅनेजरने विचारलं, “किती वेळ आहे? नक्की आकडा सांग.”

मी आकडा सांगितला. मी सावध माणूस, म्हणून ताजा वेग धरला: उरले ४८,०००, भागिले २००, म्हणजे २४० मिनिटं. चार तास. “चार तास आहेत, घाईने काही बंद नको करायला,” असं मी ठणकावून म्हणालो. सुटणारं गणित होतं. सोडवलं होतं. खाली दोन रेघा मारल्या होत्या.

दीड वाजायच्या आत सेवा कोसळली. सकाळपर्यंत कितीतरी लोकांचे पैसे स्वतःच्या खात्यातून गेलेले आणि समोरच्याला न पोचलेले, असे मधेच लोंबकळत होते.

दुसऱ्या दिवशी आमच्या टीममधल्या सीनिअर बाईंनी फळ्यावर फक्त दोन ओळी लिहिल्या. तुंबारा दुप्पट झाला तेव्हा वेग चौपट झाला. “म्हणजे वेग वर्गाच्या प्रमाणात आहे,” त्या म्हणाल्या. “यानंतर तू आकडे मोजत बसायचंच नव्हतंस. वर्ग दिसला की वेळ मर्यादित. पुनर्प्रयत्न तिथल्या तिथे तोडायचे.” हिशोब वरच्यासारखाच: वेग वर्गाच्या प्रमाणात असेल, तर १,००० पासून स्फोटाला २० मिनिटं, २,००० पासून १०. मी ‘चार तास’ म्हणालो तेव्हा हातात दहा मिनिटंही नव्हती.

माझ्या ८१ मार्कांत सरळ रेषा होत्या. एखादी गोष्ट कशी वागते, हा प्रश्न नव्हता. मला आकडा येत होता, पण कुठला आकडा निरर्थक आहे हे कळत नव्हतं. आणि हे मी एकट्याने कमावलेलं अज्ञान नाही; चार वर्षं फी भरून, हजेरी लावून, मार्क घेऊन मिळवलेलं आहे.

*

आता दुसरा आरोप, आणि तो मराठीत विज्ञान लिहिणाऱ्यांवर आहे. म्हणजे आपल्यावर.

पुस्तकात घातलेलं प्रत्येक समीकरण खप निम्म्यावर आणतं, हा स्टीफन हॉकिंगला मिळालेला सल्ला आपण शिरोधार्य मानला आहे. त्यामुळे ‘वक्र अवकाश’ हे शब्द मराठीत भरपूर सापडतात, पण नेहमी एकाच थाटात: गादीवर ठेवलेला लोखंडी गोळा, खाली गेलेली चादर, आणि पुढे अद्भुत, गूढ, विस्मयकारक. वाचक भारावतो. त्याच्या हाती काय लागतं? चादर.

मी उलट म्हणतो. वक्रता ही भारावण्याची गोष्ट नाही, तिच्यामुळे निकाल बदलतात. एकच असमता, एक शब्दही न बदलता, एका पृष्ठावर अशक्य आणि दुसऱ्यावर शक्य होते. हे सांगायला समीकरण लागत नाही, पण युक्तिवाद लागतो. करून दाखवतो.

माझी आई क्रोशाचे रुमाल विणते. टेबलावर सपाट बसणारा गोल रुमाल हवा असेल, तर प्रत्येक फेरीत ठरावीक टाके वाढवायचे, समजा सहा. नेहमी सहाच. पण आपण नियम बदलला आणि प्रत्येक फेरीत दर पाच टाक्यांमागे एक जादा घातला, तर? फेरी जितकी मोठी तितके जादा टाके जास्त. रुमाल सपाट बसेना, त्याला झालरी पडायला लागतात, कड नुसती कुरळी होत जाते. डायना टायमिन्या या लाटव्हियन गणिती बाईंनी १९९७ साली नेमकं हेच विणून विद्यार्थ्यांच्या हातात दिलं. हे ऋण वक्रतेचं पृष्ठ, हायपरबोलिक प्रतल. इथे मधल्या बिंदूपासून लांब जाल तशी जागा बेसुमार वाढते. सपाट कागदावर त्रिज्या १० असलेल्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ३१४. वक्रता −१ असलेल्या हायपरबोलिक प्रतलावर तितक्याच त्रिज्येचं क्षेत्रफळ सुमारे ६९ हजार.

आता असमता. पृष्ठाच्या प्रत्येक बिंदूवर एक आकडा ठेवायचा. शून्य किंवा धन, आणि हलक्या हाताने बदलणारा. अट अशी: प्रत्येक बिंदूवरचा आकडा त्याच्या अगदी जवळच्या शेजाऱ्यांच्या सरासरीपेक्षा वर असला पाहिजे, आणि किती वर, तर निदान त्या आकड्याच्या वर्गाच्या हिशोबात. (गणितात या ‘शेजाऱ्यांच्या सरासरीशी असलेल्या फरका’ला लाप्लासियन म्हणतात.) गावातल्या प्रत्येकाने शेजाऱ्यांपेक्षा थोडं श्रीमंत असायचं, आणि जितकं श्रीमंत तितका तो फरकही राखायचा, असा हट्ट समजा. अनंत पसरलेल्या गावात हे जमेल का?

सपाट प्रतलावर नाही जमत. कुठलाही घात घ्या, वर्ग, घन, हजारावा. सगळीकडे शून्य ठेवणं हा एकच मार्ग. फरक झेपायला दूरवर जितकी जागा लागते तितकी सपाट प्रतलात नाहीच. हायपरबोलिक प्रतलावर मात्र जमतं: तिथे १ पेक्षा मोठ्या कुठल्याही घाताला धन उत्तर सापडतं. झालरींमध्ये जागाच जागा आहे. आणि आपल्या नेहमीच्या त्रिमितीय सपाट अवकाशात? तिथे गंमत अजून बारीक आहे. घात ३ पर्यंत, ३ धरून, अशक्य. ३ ओलांडला की शक्य. ३.०१ लाही.

हे वाचून ज्याला प्रश्न पडत नाही की ‘मग नेमकी किती जागा पुरते?’, त्याच्यासाठी हा लेख नाही. ज्याला पडतो त्याच्यासाठी उत्तर आहे. अलेक्झांडर ग्रिगोर्यान आणि युहुआ सुन यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात सीमारेषा आखून दिली. वर्गाच्या अटीपुरतं सांगायचं तर: कुठेही कड किंवा भोक नसलेल्या अनंत अवकाशात एका बिंदूभोवतीच्या गोलाचं आकारमान, त्रिज्येचा चौथा घात गुणिले त्रिज्येचा लॉगरिदम, याच्या पटीत राहिलं, तर उत्तर फक्त शून्य. आणि ही रेषा ढिली नाही. लॉगरिदमचा घात जरा वाढवला की निकाल कोलमडतो. वक्रता कुठे किती, अवकाश कुठे कसं वळलंय, याची बारीक माहिती लागतच नाही. फक्त जागा किती वेगाने वाढते तेवढं मोजा. अवकाश सगळं ओळखायची गरज नाही, त्याचा हिशोबाला लागणारा गुण ओळखा.

अजून एक, कारण तो मला सगळ्यात देखणा वाटतो. समजा अनंत पसरलेलं सपाट रबर आहे. प्रत्येक ठिकाणी ते सगळ्या दिशांनी सारखं ताणायचं; ताण जागेगणिक वेगळा चालेल. असं ताणून त्याची वक्रता सगळीकडे −१ किंवा त्याहून खाली आणता येईल का? ही अटही मुळात एक असमताच आहे: ताणाच्या लॉगरिदमचा लाप्लासियन ताणाच्या वर्गापेक्षा निदान कमी नसावा. लार्स आल्फोर्सने १९३८ साली दाखवलं, की अशा रबरावरचं कुठलंही वर्तुळ घेतलं तर त्याच्या केंद्राशी ताण दोन भागिले त्रिज्या यापेक्षा जास्त असू शकत नाही. आता रबर अनंत आहे, तेव्हा वर्तुळ मोठं करायला कोण अडवतो? त्रिज्या हजार, ताण हजारात दोन. त्रिज्या कोटी, ताण कोटीत दोन. म्हणजे ताण शून्य. म्हणजे असं रबर नाहीच. सपाट प्रतल कितीही ओढाताण करून तितकं वक्र होत नाही.

१९५७ साली जोसेफ केलर आणि रॉबर्ट ऑसरमन यांनी स्वतंत्रपणे सांगितलं, की अशा कुठल्या असमतांना अनंत अवकाशात जागा आहे आणि कुठल्यांना नाही. केलर तिथे पोचला होता भांड्यात कोंडलेल्या विद्युतभारित वायूच्या प्रश्नातून. ऑसरमन पोचला पृष्ठांच्या भूमितीतून. इंजिनिअरिंग आणि शुद्ध गणित असे दोन कप्पे आपण करतो. ते दोघे एकाच असमतेच्या दारात भेटले. दोघांनीही ‘सोडवलं’ काहीच नव्हतं.

*

प्रामाणिकपणे दोन गोष्टी कबूल करतो. माझ्या सर्व्हरला वक्रता नसते. हायपरबोलिक प्रतल मला नोकरीत लागत नाही आणि ते लागतं असं भासवून गणित खपवणं ही दुसरी लबाडी झाली असती. आणि सीएफ-पीआयचा पाढा निरुपयोगी नाही. स्प्रिंगचं कंपन, साधं सर्किट, तिथे तो अचूक चालतो. समोर ७० पोरं, आठवड्याला चार तास आणि वर विद्यापीठाचा पेपर, अशा कात्रीतल्या शिक्षकाला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. दोष पेपरचा आहे. पेपर जे विचारतो तेच शिकवलं जातं.

म्हणून मागणी पेपरपुरती आहे. शंभर मार्कांत दहा मार्कांचा एकच प्रश्न असा घाला: “खालील समीकरण सोडवू नका. त्याचं उत्तर कायम धन राहील का, कधी अनंताला जाईल का, आणि ते तुम्ही कशावरून म्हणता, ते सांगा.” गाईडवाल्यांना दोन वर्षं लागतील याचेही सात प्रकार करायला. त्या दोन वर्षांत निदान दोन बॅचेस विचार करून बाहेर पडतील.

आणि मराठीत लिहिणाऱ्यांना विनंती: चादर पुरे. वाचकाला युक्तिवाद द्या. वर मी जे लिहिलं त्यात बारावीच्या पलीकडचं तुम्हाला काय लागलं ते मोजा. सरासरी, वर्ग, क्षेत्रफळ, आणि ‘निदान’ हा शब्द. आपल्या भाषेत ‘निदान’ फार सुंदर आहे: कमीत कमी असाही त्याचा अर्थ होतो आणि रोग ओळखणं असाही. असमता दोन्ही कामं करते. रोग्याचा नक्की आकडा न सांगता रोग ओळखते.

त्या रात्रीनंतर आठवड्याभराने मी मित्राला फोन केला. तो आता गावी वडिलांचं इलेक्ट्रिकलचं दुकान बघतो. मी त्याला वर्ग, स्फोट, दहा मिनिटं, सगळं सांगितलं. म्हणालो, “तू तेव्हा विचारलं होतंस ना, सुटलं नाही तर काहीच कळत नाही का. कळतं. सगळ्यात महत्त्वाचं तेच कळतं.”

तो बराच वेळ ऐकत होता. मागे कोणीतरी त्याला एमसीबीचा भाव विचारत होतं. मग म्हणाला, “बरं झालं सांगितलंस. रिचेकिंगची मुदत संपली असेल ना रे आता?”